सात वर्षांची मुदत आणि पहिली मुळाक्षरे : अमेरिकेतील भूतानी निर्वासित वृद्धांच्या इंग्रजी शिक्षणाचे प्रकरण

भूतानच्या दक्षिणेकडील जिल्ह्यांतून १९९० नंतर देशोधडीला लागलेले नेपाळीभाषक लोक सुमारे दीड तप नेपाळमधील छावण्यांत राहिले आणि २००८ पासून त्यांचे मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत पुनर्वसन सुरू झाले. पुढील दहा वर्षांत नव्वद हजारांहून अधिक माणसे तेथे पोहोचली. त्यांच्यातील तरुणांनी इंग्रजी कशी आत्मसात केली याविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु येथे विचार करायचा आहे तो त्यांच्या आईवडिलांचा आणि आजीआजोबांचा. या माणसांपैकी अनेकांनी आयुष्यात कधी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, त्यांना मातृभाषाही लिहिता-वाचता येत नव्हती, आणि साठी-पासष्टी उलटल्यावर त्यांच्यावर इंग्रजी बोलण्याची, वाचण्याची आणि लिहिण्याची परीक्षा देण्याची वेळ आली. कोणत्याही एका कायद्याने त्यांच्यावर ही सक्ती केलेली नव्हती. दोन वेगवेगळ्या कायद्यांचे नियम एकत्र आल्यामुळे ती निर्माण झाली, आणि तिचा परिणाम वर्गात काय शिकवले जाते येथपर्यंत जाऊन पोहोचला.

पार्श्वभूमी

दक्षिण भूतानमधील या लोकांना ल्होत्शाम्पा असे म्हणतात. मका, वेलची आणि संत्री पिकवणारी ही शेतकरी कुटुंबे कित्येक पिढ्या तेथे राहत होती. भूतानने १९८५ साली नवा नागरिकत्व कायदा केला आणि १९८८ च्या जनगणनेत त्याची कठोर अंमलबजावणी केली. १९५८ साली आपण देशात होतो याचा पुरावा ज्यांना देता आला नाही, त्यांचे नागरिकत्व धोक्यात आले. ज्यांना नव्याने नागरिकत्व मागायचे होते, त्यांना भूतानची राष्ट्रभाषा जोंखा बोलता, वाचता आणि लिहिता येणे त्याच कायद्याने आवश्यक ठरवले. १९८९ साली शाळांतून नेपाळी भाषा काढून टाकण्यात आली. त्यानंतरची निदर्शने, अटका आणि दडपशाही यांतून एक लाखाच्या आसपास माणसे देशाबाहेर पडली आणि भारतातून वाट काढत पूर्व नेपाळमध्ये आली. झापा आणि मोरंग जिल्ह्यांत त्यांच्यासाठी सात छावण्या उभ्या राहिल्या.

हा तपशील येथे मुद्दाम दिला आहे. अमेरिकेत नागरिकत्वाच्या परीक्षेला बसलेल्या वृद्धांपैकी पुष्कळांच्या आयुष्यात, लिहिता-वाचता न येणाऱ्या भाषेवर नागरिकत्व अवलंबून असण्याची ती दुसरी वेळ होती. या वृद्धांच्या मनातील परीक्षेची जी भीती वर्गातील शिक्षकांच्या दृष्टीने कधीकधी अकारण असे, तिला हा अनुभव कारणीभूत होता.

छावण्यांतील शाळा कॅरितास ही संस्था चालवत असे आणि तेथे शिक्षणाचे माध्यम प्रामुख्याने इंग्रजी होते. बांबूच्या वर्गखोल्यांत शिकलेली मुले अमेरिकेत आली तेव्हा त्यांना उच्चारांची आणि वेगाची अडचण झाली, पण भाषा अनोळखी नव्हती. त्यांच्या आजीची स्थिती अगदी वेगळी होती. तिला नेपाळी अस्खलित येत होती, अनेकदा शेजारपाजारच्या आणखी एखाद्या भाषेची जाणही होती, भजने आणि स्तोत्रे तोंडपाठ होती. मात्र कागदावरचे अक्षर तिच्यासाठी केवळ खूण होते. एकाच घरात एका पिढीला दुसरी लिपी शिकायची होती, तर दुसऱ्या पिढीला लिपी म्हणजे काय हेच प्रथम शिकायचे होते, आणि या दोन कामांत केवळ कमीअधिक कष्टांचा फरक नाही.

सात वर्षांचे गणित

अमेरिकेत ६५ वर्षांवरील आणि अपंग गरिबांना सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम, म्हणजे एसएसआय, या नावाचे मासिक साहाय्य मिळते. २०१३ साली एकट्या व्यक्तीस केंद्र सरकारकडून महिन्याला जास्तीत जास्त ७१० डॉलर मिळत होते. उतारवयात आलेल्या निर्वासिताला नोकरी मिळणे कठीण आणि निवृत्तिवेतन मिळण्याइतकी वर्षे तेथे काम करणे अशक्यप्राय, त्यामुळे ही रक्कम म्हणजेच त्याचा घरखर्चातील वाटा असे. १९९६ साली झालेल्या कल्याणकारी योजनांच्या सुधारणेनंतर नागरिक नसलेल्यांचा या साहाय्यावरील हक्क पुष्कळ आकसला. निर्वासितांना तो राहिला, पण पुढे सात वर्षांची मुदत ठरली. सात वर्षांत नागरिक झाला नाहीत, तर पैसे बंद.

दुसऱ्या बाजूला नागरिकत्वाचा कायदा आहे. निर्वासिताला आल्यापासून पाच वर्षांनी अर्ज करता येतो. म्हणजे पाचवे वर्ष संपल्यापासून सातवे वर्ष संपेपर्यंत जी दोन वर्षे उरतात, त्यांतच अर्ज, बोटांचे ठसे, मुलाखत, नापास झाल्यास साठ ते नव्वद दिवसांनी पुनर्परीक्षा आणि अखेरीस शपथविधी हे सर्व पार पडावे लागते. कार्यालयीन विलंब झाला तर तो याच दोन वर्षांतून वजा होतो.

वयस्कांना इंग्रजीतून सूट आहे, पण तिच्या अटी पाहिल्या पाहिजेत. वयाची पन्नाशी ओलांडलेल्याने कायम वास्तव्याची वीस वर्षे किंवा पंचावन्न ओलांडलेल्याने पंधरा वर्षे पूर्ण केलेली असावीत, तरच त्याला आपल्या भाषेत, दुभाष्याच्या मदतीने, मुलाखत देता येते. वयाची पासष्टी ओलांडलेली आणि कायम वास्तव्याची वीस वर्षेही पूर्ण झालेली असतील तर नागरिकशास्त्राचे प्रश्नही निवडक वीसच तयार करावे लागतात. हिशेब स्पष्ट व्हावा म्हणून, कोणा एका खऱ्या व्यक्तीचे नव्हे, तर केवळ नियम लावून मांडलेले एक उदाहरण घेऊ. २००९ साली वयाच्या ६६ व्या वर्षी ओहायो राज्यातील कोलंबस शहरात एक आजी आल्या. २०१४ साली त्या अर्जाला पात्र ठरतात. २०१६ साली त्यांचे साहाय्य थांबते. इंग्रजीच्या परीक्षेतून मात्र त्यांना सूट मिळते ती २०२४ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी. मधली आठ वर्षे त्यांनी कशावर काढायची, याचे उत्तर दोन्हींपैकी एकाही कायद्यात नाही. दोन्ही कायदे आपापल्या जागी विचार करून लिहिलेले असतील. परंतु ते एकाच माणसाला एकाच वेळी लागू होतात तेव्हा काय घडते, याचा विचार कोणी केल्याचे दिसत नाही.

वर्गात काय घडते

कधीच शाळेत न गेलेल्या प्रौढांचे वर्ग पुनर्वसन संस्था, वाचनालये, चर्च आणि लोकसमूहाच्या स्वतःच्या संघटना चालवत असत. अशा वर्गातील सुरुवात पाहिली म्हणजे ‘भाषा शिकणे’ या दोन शब्दांखाली किती गोष्टी दडलेल्या असतात, हे कळते. पेन्सिल कशी धरायची, वही कोणत्या बाजूने उघडते, ओळ डावीकडून उजवीकडे जाते आणि संपल्यावर डोळा पुन्हा डावीकडे आणायचा असतो, दोन शब्दांमधली रिकामी जागाही काही सांगत असते, हे सगळे आधी यावे लागते. शेतात आयुष्य काढलेल्या बोटांना कोयता आणि खुरपे चालवण्याची सवय असते; दोन रेघांच्या मध्ये बसणारे लहानसे ‘ए’ काढताना तीच बोटे पेन्सिलवर इतका जोर देतात की कागद फाटतो.

चित्रांचाही असाच प्रश्न असतो. नवख्या विद्यार्थ्याला शब्द कळत नसेल तर चित्र दाखवावे, अशी शिक्षकाची स्वाभाविक समजूत असते. पण रेषांनी काढलेले चित्र ओळखणे हीसुद्धा पुस्तकांच्या सहवासात लागणारी सवय आहे, हे निरक्षर प्रौढांवरील संशोधनात दिसून आले आहे : प्रत्यक्ष वस्तू ते चटकन ओळखतात, तिचे रेखाचित्र ओळखायला त्यांना जास्त वेळ लागतो. म्हणून चांगल्या शिक्षकांनी बटाटा, किल्ली, औषधाची बाटली आणि नाणी वर्गात आणली. घड्याळाच्या तक्त्यापेक्षा खरे घड्याळ हातात दिले.

आवाजांच्या बाबतीत तर अडचण आणखी खोलवर आहे. पोर्तुगालमध्ये १९७९ साली जोझे मोराइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरक्षर प्रौढांची एक चाचणी प्रसिद्ध केली. एखाद्या शब्दाचा पहिला ध्वनी काढून उरलेला भाग बोलून दाखवा, असे सांगितले असता निरक्षरांना ते फारसे जमले नाही. त्याच परिसरातील, त्याच थरातील, पण प्रौढपणी अक्षरे शिकलेल्या माणसांना मात्र ते पुष्कळ अंशी जमले. या निष्कर्षाचे दोन्ही भाग महत्त्वाचे आहेत. शब्द ध्वनींच्या तुकड्यांनी बनलेला असतो ही जाणीव बोलता येण्याने येत नाही, ती वर्णमालेच्या अभ्यासाने येते. आणि मोठेपणी अभ्यास केला तरी ती येते. ‘आता या वयात काय येणार’ हा निवाडा त्यामुळे शास्त्राला धरून नाही, आणि ‘सहा महिने वर्गात बसले की येईल’ ही अपेक्षाही नाही.

ज्या वृद्धांना देवनागरी वाचता येत होती, म्हणजे पौरोहित्य करणारे किंवा लहानपणी थोडेफार शिकलेले, ते प्रत्येक इंग्रजी वाक्याखाली त्याचा उच्चार देवनागरीत लिहून घेत, घरी जाऊन त्याची उजळणी करत आणि पुढच्या धड्याला तयारीने येत. शेजारच्या बाकावरील निरक्षर स्त्रीकडे असे कोणतेही साधन नव्हते. वर्ग सुटल्यावर कानात जे राहील तेवढेच तिचे. दोघांचे वय तेच, गाव तेच, बुद्धी तीच, आणि दोघांचीही नोंद ‘इंग्रजी येत नाही’ या एकाच रकान्यात. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत मोठी गफलत याच रकान्यात आहे.

पाठांतर आणि त्याची मर्यादा

सातवे वर्ष जवळ येऊ लागले की वर्गाचा विषय बदलत असे. पत्ता सांगणे, दूरध्वनी क्रमांक ओळखणे, डॉक्टरला कोठे दुखते ते सांगणे हे मागे पडून नागरिकत्वाची तयारी पुढे येई. त्या काळातील परीक्षेसाठी १०० प्रश्नांची यादी आधीच प्रसिद्ध होती; मुलाखतीत त्यांतील जास्तीत जास्त १० विचारले जात आणि ६ बरोबर यावे लागत. वाचनासाठी तीनपैकी एक वाक्य नीट वाचायचे आणि लेखनासाठी तीनपैकी एक वाक्य ऐकून लिहायचे, एवढीच अपेक्षा होती. वाचनाचे आणि लेखनाचे शब्दही सरकारने जाहीर केलेले होते. शाळेत गेलेल्याला ही परीक्षा सोपी वाटावी.

वृद्धांनी तिला आपल्या पद्धतीने हात घातला. ज्यांचे सारे ज्ञान कानावाटे आलेले होते, त्यांनी शंभर प्रश्न कानावाटेच आत घेतले. नातवंडे प्रश्नोत्तरे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून देत आणि आजी स्वयंपाक करताना ती ऐकत. पहिला राष्ट्राध्यक्ष कोण, सिनेटचे सदस्य किती, या प्रश्नांना ठरलेली उत्तरे ठरलेल्या लयीत येऊ लागली. मौखिक परंपरेत वाढलेल्या माणसांची ही क्षमता खरोखर आदर वाटावा अशी आहे, आणि शाळेतल्या मोजमापात तिची नोंद होत नाही.

मर्यादा दोन ठिकाणी उघड होत. पहिली लेखनात. जॉर्ज वॉशिंग्टनचे नाव कानाने पाठ करता येते, पण ‘फेब्रुवारी’ हा शब्द ऐकून इंग्रजीत लिहायचा तर उच्चारात नीट ऐकूही न येणारा ‘आर’ आठवावा लागतो. दुसरी मर्यादा संभाषणात. इंग्रजी बोलता येते की नाही, हे अधिकारी स्वतंत्र परीक्षेने ठरवत नाही, तर अर्जातील प्रश्नांवरून होणाऱ्या बोलण्यातून ठरवतो. तुम्ही कधी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होता काय, तुम्ही स्वतःला कधी खोटेच अमेरिकी नागरिक म्हणवले आहे काय, तुम्ही कधी अट्टल मद्यपी होता काय, असे हे प्रश्न. बऱ्याच प्रश्नांना ‘नो’ म्हणायचे आणि शेवटी राज्यघटनेला पाठिंबा आहे काय, शपथ घ्याल काय, येथे आल्यावर ‘येस’ म्हणायचे, हा क्रम वर्गात पक्का करून घेतला जाई. पण अधिकाऱ्याने क्रम बदलला, प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारला किंवा ‘याचा अर्थ काय ते सांगा’ असे म्हटले की पाठांतराची साखळी तुटे. आयुष्यभर दारूला न शिवलेल्या आजी त्या प्रश्नाला नम्रपणे ‘येस’ म्हणू शकत होत्या, कारण आधीच्या प्रश्नाला अधिकारी हसला होता.

याचा भाषाशिक्षणावरील परिणाम मला सर्वांत गंभीर वाटतो. मुदतीमुळे वृद्ध नियमितपणे वर्गाला आले, हे खरे आहे आणि मुदतीच्या समर्थकांचा तो प्रामाणिक मुद्दा आहे. पण ते वर्गात आल्यावर त्यांना जी इंग्रजी मिळाली, ती रोजच्या जगण्याच्या उपयोगाची नव्हती. संविधानातील सुधारणांची संख्या सांगता येणारा माणूस औषधाच्या बाटलीवरील ‘दिवसातून दोनदा’ वाचू शकत नव्हता आणि आपत्कालीन दूरध्वनीवर स्वतःचा पत्ता सांगू शकत नव्हता. अमेरिकेतील भूतानी निर्वासितांमध्ये २००९ ते २०१२ या तीन वर्षांत १६ जणांनी आत्महत्या केल्या, त्यानंतर सीडीसी या सार्वजनिक आरोग्य संस्थेने चौकशी केली. तीत पुनर्वसनानंतरच्या मोठ्या अडचणींमध्ये भाषेचा अडसर ठळकपणे पुढे आला. तो अडसर दिवसभर एकट्याने घरात बसण्याचा, बसमध्ये न चढता येण्याचा, नातवाशी बोलता न येण्याचा होता. राष्ट्राध्यक्षांची नावे पाठ केल्याने तो दूर होणारा नव्हता.

वैद्यकीय सूट

सुटकेचा एक मार्ग होता. शारीरिक किंवा मानसिक विकारामुळे शिकणे शक्य नाही असे डॉक्टरने किंवा मानसशास्त्रज्ञाने ठरावीक अर्जावर प्रमाणित केले, तर इंग्रजी आणि नागरिकशास्त्र या दोन्हींतून सूट मिळते. स्मृतिभ्रंश, छळाचे मानसिक आघात, दीर्घ नैराश्य यांनी ग्रासलेल्या अनेकांना तिचा योग्य लाभ झाला. परंतु केवळ निरक्षरता किंवा केवळ वार्धक्य हे सूट मिळण्याचे कारण होऊ शकत नाही, असे नियम स्पष्टपणे सांगतो. म्हणजे खरी अडचण शाळा न मिळाल्याची असलेल्या माणसाला ती अडचण आजाराच्या रूपात मांडण्याखेरीज पर्याय उरत नाही. अशा अर्जांकडे अधिकारी संशयाने पाहत, आणि खरोखर आजारी असलेल्यांनाही त्या संशयाची झळ पोहोचे.

त्याच कुटुंबांची इतर देशांतील स्थिती

भूतानी निर्वासितांना आठ देशांनी स्वीकारले, त्यामुळे एकाच कुटुंबातील भावंडे वेगवेगळ्या देशांत गेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. कॅनडात आजच्या नियमांनुसार पंचावन्न वर्षे पूर्ण केलेल्या अर्जदाराला भाषेचा पुरावाही द्यावा लागत नाही आणि नागरिकत्वाची परीक्षाही नाही. ऑस्ट्रेलियात साठीपुढील व्यक्तींना ही परीक्षा नाही, आणि वृद्धांच्या निवृत्तिवेतनासाठी इतरांना लागू असलेली दहा वर्षांच्या वास्तव्याची अट निर्वासितांना लावली जात नाही. दोन्ही देश नव्याने आलेल्या प्रौढांना सरकारी खर्चाने भाषा शिकवतात. ऑस्ट्रेलियाचा कार्यक्रम तर १९४८ पासून चालू आहे. तेथील वृद्धांनाही इंग्रजी कठीणच जाते. फरक एवढाच की त्यांच्या वर्गावर पोटाची टांगती तलवार नसते, त्यामुळे शिक्षक औषधाच्या बाटलीपासून सुरुवात करू शकतो आणि तेथेच महिनाभर रेंगाळू शकतो.

जे उपयोगी पडले

अमेरिकेतील अडचणीच्या चौकटीतही काही वर्गांनी चांगले मार्ग काढले. साक्षर आणि निरक्षर विद्यार्थ्यांचे वर्ग वेगळे केले, की निरक्षरांची गळती कमी होई, कारण देवनागरी वाचणाऱ्याच्या शेजारी सतत मागे पडण्याचा संकोच उरत नसे. नेपाळी बोलणारा सहायक वर्गात असला, तर ‘हे का शिकायचे’ याचे उत्तर विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी मिळे. तो सहायक बहुतेक वेळा छावणीच्या शाळेत शिकलेला, त्यांच्याच समूहातील तरुण असे, आणि वृद्ध त्याला ‘बाबु’, म्हणजे बाळ, म्हणत असले तरी वर्गात त्याचे ऐकत. आणखी एक पद्धत विशेष फलदायी आहे. विद्यार्थिनी आपली एखादी गोष्ट तिला येतील तेवढ्या इंग्रजी शब्दांत सांगते, शिक्षक तिचेच शब्द फळ्यावर लिहितो, आणि मग तीच वाक्ये वाचनाचा धडा होतात. ‘माय काउ. आय गो फॉरेस्ट. कट ग्रास.’ व्याकरण नंतर दुरुस्त करता येते. लिहिलेल्या ओळीत आपलेच बोलणे बसलेले आहे, हे उमगणे ही निरक्षर प्रौढाच्या शिक्षणातील पहिली मोठी पायरी असते, आणि गाय, गवत व जंगल यांच्या वाक्यांत ती जितक्या लवकर येते तितकी राष्ट्राध्यक्षांच्या यादीत येत नाही.

वेळेच्या बाबतीत मात्र शिक्षकांच्या हाती काही नव्हते. आठवड्यातून दोनतीन दिवस दोन तासांचा वर्ग, त्यात हिवाळ्यातील खाडे, नातवंडांना सांभाळण्याची जबाबदारी आणि दवाखान्याच्या फेऱ्या धरल्या, तर पाच वर्षांत प्रत्यक्ष शिक्षणाचे तास फारच थोडे पडतात. शाळकरी मूल वाचायला शिकते ते रोज, वर्षानुवर्षे आणि आपल्या ओळखीच्या भाषेत.

निर्वासितांच्या साहाय्यावरील सात वर्षांची मर्यादा पहिल्या तुकड्या आल्या त्या काळात, त्यांच्या आधी आलेल्या काही निर्वासितांना तात्पुरती नऊ वर्षांपर्यंत वाढवून मिळाली होती, पण ती सवलत २०११ साली संपली. दरम्यान सुरुवातीला, २००८ साली, आलेल्यांची पंधरा वर्षे २०२३ साली पूर्ण झाली, आणि त्यांच्यापैकी पंचावन्न ओलांडलेल्या, अजून नागरिक न झालेल्या माणसांना आता नेपाळीतून मुलाखत देता येते. २०२८ पासून वीस वर्षांची सूट लागू होऊ लागेल. या माणसांसाठी इंग्रजीचा वर्ग प्रथमच परीक्षेपासून मोकळा झाला आहे, आणि पत्ता, दूरध्वनी, बसचा क्रमांक व औषधाची चिठ्ठी हा मुदतीमुळे मागे पडलेला अभ्यासक्रम तेथे सुरुवातीपासून घेता येईल.